वाकवल्याने वजन बदलत नाही

आमच्या घरात वजनाचं शास्त्र फक्त मला कळतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि वस्तुमान अक्षय्यतेचा नियम माझ्याइतका सोपा करून सांगणारा शिक्षक नाशिक तालुक्यात दुसरा नाही. (हे मत माझंच आहे. पण मी ते वर्गात दरवर्षी बोलून दाखवतो आणि आजवर एकाही विद्यार्थ्याने हरकत घेतलेली नाही.) त्यामुळे सायकलला हलकं आणि आरामशीर हँडल बसवायची वेळ आली, तेव्हा कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. मी स्वतःलाच विचारलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही मखमलाबादला राहायचो, मळ्यात. माझे वडील, म्हणजे आबा, झेंडू आणि भाजीपाला करायचे आणि सकाळी सायकलवर टोपल्या बांधून फुलबाजारात न्यायचे. माझी शाळा शहरात. येण्याजाण्यासाठी मी नाशिक रोडच्या एका निवृत्त गृहस्थांकडून त्यांची जुनी रेसिंग सायकल घेतली. बारीक टायर, सडपातळ सांगाडा, आणि बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं लोखंडी हँडल. गृहस्थ तरुणपणी शर्यतीत उतरायचे. उंचीने ते माझ्या खांद्याला लागत होते, हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

पहिल्या आठवड्यात ते फार महत्त्वाचं वाटायला लागलं. हँडल इतकं अरुंद आणि इतकं खोल होतं की त्यावर ओणवा झालो की मला फक्त माझं पुढचं चाक दिसायचं. रविवार कारंजापर्यंतचा रस्ता मी निव्वळ अंदाजाने कापायचो. शाळेत पोचल्यावर मान वर व्हायची नाही आणि तळहातांना मुंग्या आलेल्या असायच्या. पहिल्या तासाला मी फळ्याच्या अगदी तळाशी लिहायचो. मुलांना वाटायचं, सरांचं खाली काहीतरी पडलंय.

आबांनी हे चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी ओट्यावर बसल्या बसल्या विषय काढला.

"दिगंबर, त्या सायकलनं तुला वाकवलंय का तू तिला?"

"सवय होईल, आबा."

"सवय कशाला करतो? सायकल मला दे. सरळ दांडीचं हँडल लावतो, मागं मोठं कॅरेज टाकतो. दोन टोपल्या झेंडू आरामात बसंल. माझी सायकल आता सरळ रस्त्यावरबी वाकडी चालती."

आबांच्या सायकलचा सांगाडा दोनदा वेल्डिंग केलेला होता, हे खरं. माझ्या सायकलवर त्यांचा पहिल्या दिवसापासून डोळा होता, हेही खरं. मी माझ्या बाजूने कोणी बोलेल म्हणून बायकोकडे पाहिलं.

"देऊन टाका ना अहो," सुनंदा म्हणाली. "बसने जा. बसमध्ये मान तरी सरळ राहते."

म्हणजे माझी सायकल आता झेंडूची होणार होती. ती सायकल मला मनापासून आवडत होती. पंचवटीच्या उतारावर ती सुटली की मी छत्तीस वर्षांचा, दोन चष्मे बाळगणारा मास्तर राहत नव्हतो. हे घरात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी मोठ्या आवाजात दुसरंच काहीतरी सांगितलं.

"हँडल बदलतो. हलकं बसवतो, आरामशीर बसवतो. आणि त्या हँडलवर चांदवडला जाऊन दाखवतो."

चांदवड म्हणजे सुनंदाचं माहेर. आमच्यापासून सत्तरेक किलोमीटर, आग्रा रोडने.

"जाऊन?" आबांनी विचारलं.

"जाऊन आणि येऊन. टेम्पोत बसलो, मानेची तक्रार केली, हाताची तक्रार केली, तर सायकल तुमची. मग झेंडू बसवा, नाहीतर वांगी बसवा."

"ठरलं," आबा म्हणाले, आणि लगेच उठून सुतळीने माझ्या सायकलवर कॅरेज किती लांब बसेल ते मोजायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी शहरातल्या सायकलच्या दुकानात गेलो. तेव्हा नाशकात हँडलं दोनच प्रकारची मिळायची: एक दूधवाल्यांचं रुंद, आणि एक शाळकरी पोरांचं सरळ. मी दुकानदाराला माझी गरज सविस्तर सांगितली. रुंदी खांद्यांइतकी हवी, खोली कमी हवी, धरायला वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागा हव्यात, वजन निम्मं हवं, आणि हाताला धक्का लागता कामा नये. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पंक्चर काढत काढत म्हणाला, "सर, हलकं पण आणि आरामशीर पण, असं एकात नाही येत."

या माणसाचा विज्ञानाशी संबंध सुटलेला दिसत होता. मी त्याला दहा मिनिटं समजावलं आणि रिकाम्या हाताने, पण विजयी मनाने बाहेर पडलो. हँडल विकत मिळत नसेल तर बनवायचं. भद्रकालीच्या भंगारवाल्याकडे मला हवी तशी ॲल्युमिनियमची नळी मिळाली, चांगली जाड भिंतीची. ती खांद्यावर टाकून मी घरी आलो आणि आबांचा फुलं तोलायचा तराजू ओट्यावर मांडला. एका पारड्यात जुनं लोखंडी हँडल, दुसऱ्यात सरळ नळी. लोखंडाचं पारडं धाडकन खाली गेलं आणि नळी वर डुलत राहिली.

"बघा," मी म्हणालो. "निम्म्याहून कमी."

"आत्ता सरळ हाय म्हनून," आबा म्हणाले. "वाकवल्यावर बघू."

मला हसू आवरेना. मी त्यांना शेजारी बसवलं आणि माझा आवडता धडा सुरू केला. "आबा, वस्तू वाकवा, पिळा, गुंडाळा. तिच्यात काही घातलं नाही आणि तिच्यातून काही काढलं नाही, तर वस्तुमान तेवढंच राहतं. वाकवल्याने वजन बदलत नाही."

आबांनी मान हलवली. माझ्या या वाक्याचा पुढे इतका उपयोग होणार आहे, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

माप सुनंदाने घेतलं. झेंडूच्या माळा ओवायचा दोरा माझ्या दोन खांद्यांवर ताणला, दातांनी तोडला आणि तो माझ्या हातात देत ती म्हणाली, "एवढे रुंद नाही आहात तुम्ही, पण श्वास भरून उभे राहिलात." मी दोरा खिशात घातला.

वाकवायचं काम शरदकडे. शरद म्हणजे सुनंदाचा धाकटा भाऊ. दिंडोरी नाक्याजवळ त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. द्राक्षबागांचे मांडव, खिडक्यांच्या जाळ्या, खाटा, काय वाटेल ते वाकवायचा. त्याने नळी हातात घेतली, डोळ्यासमोर धरली आणि म्हणाला, "दाजी, नुसती वाकवली तर कोपऱ्यात चेपंल. आत वाळू ठासून भरावी लागंल. पण बारीक पाहिजे, चाळलेली, एकदम कोरडी. नदीची ओली नाय चालायची."

अशी वाळू कुठे आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, स्टीलच्या डब्यात. सुनंदाची शेंगा भाजायची वाळू. लग्नात आमच्या सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, स्वतः चाळून, धुऊन, वाळवून तिच्याबरोबर दिलेली. वर्षानुवर्षं कढईत तापून ती काळीभोर झाली होती. सुनंदाचं म्हणणं असं की वाळू जितकी जुनी तितक्या शेंगा खमंग, आणि तशी वाळू कुठल्याही दुकानात मिळत नाही. मी डबा उचलला तेव्हा ती मळ्यात होती. (विचारलं असतं तर नाही म्हणाली असती. म्हणून विचारलं नाही. हेही एक शास्त्रच आहे.)

शरदने नळीच्या एका टोकाला लाकडी बूच ठोकलं, वरून वाळू ओतली, नळी जमिनीवर आपटून आपटून ती दाबली, पुन्हा ओतली, आणि दुसऱ्या टोकालाही बूच ठोकलं. डब्यात चिमूटभर वाळू उरली. दुकानात आलेल्या दोन गिऱ्हाइकांना मी तेवढ्यात वाळू का भरतात ते समजावून सांगितलं. शरदने नळी तापवली, सावकाश वळवली, खांद्याचा दोरा लावून पाहिला, पुन्हा जरा वळवली. काय सुरेख आकार आला! वर रुंद, खाली उथळ, मनगट अलगद टेकेल असा बाक. त्याने हँडल पाण्यात बुडवून गार केलं आणि तेवढ्यात कोणीतरी मांडव वाकला म्हणून त्याला बोलवायला आलं.

"दाजी, थांबा जरा. तासाभरात येतो, मग पुढचं करू."

पुढचं काय उरलंय, ते मला दिसेना. आकार आला होता. दोन्ही टोकांना लाकडी बुचं इतकी घट्ट बसली होती की मला वाटलं, पोराने शेवटची सजावटही करून टाकली. मी हँडल पिशवीत घातलं आणि निघालो. घरी येऊन बुचांचा बाहेर आलेला भाग करवतीने सपाट केला, काचकागदाने घासला, त्यावर कापडी पट्टी गुंडाळली. वाळू नळीत जाताना मी डोळ्यांनी पाहिली होती. बाहेर येताना पाहिली नव्हती. या दोन गोष्टींत फरक असतो, हे दहावीच्या पोराला विचारलं तरी सांगेल.

सायकलवर बसवायच्या आधी आबांनी हँडल हातात घेतलं.

"जड लागतंय रं."

"जड नाही आबा, भरीव आहे. भरीव आणि जड यात फरक असतो."

"तराजूत घालू का?"

"कशाला? तुमच्यासमोरच तोललं होतं ना? वाकवल्याने वजन बदलत नाही."

आबांनी हँडल परत माझ्या हातात दिलं. शिकलेल्या मुलापुढे गप्प बसायची त्यांना सवय होती.

चार दिवसांनी सुनंदाला शेंगा भाजायच्या होत्या आणि डबा जवळजवळ रिकामा निघाला.

"अहो, माझी वाळू कुठाय?"

"शरदकडे राहिली असेल."

"शरदकडे माझी वाळू कशी गेली?"

मी थोडक्यात सांगितलं. त्या दिवशी शेंगा तव्यावर भाजल्या, निम्म्या करपल्या, आणि करपलेल्या सगळ्या माझ्या ताटात आल्या. शरद मांडवाच्या कामाला बाहेरगावी होता, त्यामुळे वाळूचा तपास लागत नव्हता. मी म्हटलं, चांदवडला भेटेल तेव्हा विचार. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरायला सगळे जमणारच होते, आणि मी माझ्या सफरीसाठी मुद्दाम तोच दिवस धरला होता. एवढं मोठं काम करायचं आणि बघायला कोणी नाही, यात काय अर्थ?

आबा आणि सुनंदा आदल्या दिवशी एसटीने पुढे गेले. त्यांच्या पिशवीत मी जुनं लोखंडी हँडल आग्रहाने घातलं.

"हे कशाला?" सुनंदाने विचारलं.

"तिथे कांद्याचा तराजू असेल. सगळ्यांसमोर दोन्ही हँडलं तोलून दाखवायची. मामांनाही कळू दे, जावई काय चीज आहे."

सकाळी मी निघालो. काय सांगू, त्या हँडलचा आराम! आडगाव गेलं, ओझर आलं, रस्ता जागोजागी उखडलेला, ट्रक धूळ उडवत चाललेले, आणि माझ्या हातांना धक्का म्हणून नाही. जुन्या हँडलवर एकेक खडा दातांपर्यंत जाणवायचा. इथे हात शांत. सायकल कशी जमिनीला धरून चालली होती. वाऱ्याने हलत नव्हती, खड्ड्याने बिचकत नव्हती. अधूनमधून हँडलच्या आतून बारीक सर्र असा आवाज यायचा. तो वाऱ्याचा आहे हे मी ओळखलं. मान वर होती, द्राक्षबागा दिसत होत्या, आणि "हलकं पण आणि आरामशीर पण" असं मी पिंपळगावपर्यंत त्या दुकानदाराला मनातल्या मनात तीनदा ऐकवलं.

शेवटच्या चढावर मात्र जरा दम लागला. एक कांद्याचा ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला, मग दुसरा गेला, मग एक म्हातारी शेळ्या घेऊन बरोबरीने चालू लागली. "लांबून आलात का?" तिने विचारलं. मी मान डोलावली. "सामान लय दिसतंय," ती म्हणाली. माझ्याकडे पाण्याच्या बाटलीशिवाय काहीही नव्हतं. म्हातारीची नजर अधू असावी, असं म्हणून मी पुढे सरकलो.

दुपारी जेवायच्या आत मी मामांच्या अंगणात उतरलो. मान सरळ, हात हलके, तक्रार एकही नाही. पंधरा-वीस माणसं कांदा निवडायला बसली होती. मामा उठून आले, पाठीवर थाप मारली. मामींनी लिंबाचं सरबत दिलं. आबांनी माझी मान दोन्ही बाजूंनी वळवून पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला.

"निम्मी पैज जिंकलास," ते म्हणाले. "उद्या परत गेलास की सायकल तुझी."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. सरबत प्यायचं, कांद्याला हात लावायचा, जेवून झोपायचं. पण गप्प बसून शिक्षक होता येत नाही. मी खुणेने सगळ्यांना बोलावलं. कांद्याचा मोठा तराजू कडुनिंबाच्या फांदीला टांगलेलाच होता. शरद तिथेच होता, त्याला पाना घेऊन नवं हँडल सोडवायला लावलं. पिशवीतून जुनं हँडल काढलं. आणि पारड्यांकडे पाठ करून, मंडळींकडे तोंड करून मी बोलायला लागलो. ॲल्युमिनियम म्हणजे काय, लोखंड म्हणजे काय, हलक्या सायकलने चढ कसा सोपा होतो. मागे शरद एकेक हँडल पारड्यात ठेवत होता.

"तर मंडळी, आता तुम्हाला दिसेल की नवं हँडल वर गेलेलं आहे."

सगळे माझ्या मागे बघत होते. मी वळून पाहिलं. नवं हँडल खाली होतं. जुनं वर डुलत होतं.

"उलटी ठेवलीस का रे?" मी शरदला विचारलं.

"नाय दाजी."

"मग तराजूत दोष आहे. पारडी बदल."

पारडी बदलली. नवं हँडल दुसऱ्या बाजूने खाली गेलं.

"पंचवीस वर्षं कांदा तोलतोय यावर," मामा सौम्यपणे म्हणाले.

"कांद्याची गोष्ट वेगळी, मामा," मी म्हणालो.

मग आबा उठले. पारड्याजवळ आले, वाकून नवं हँडल पाहिलं, आणि माझ्याच शांत, समजावणीच्या सुरात म्हणाले, "दिगंबर, वाकवल्यानं वजन बदलत नाय, असं म्हनला होतास ना?"

"म्हणालो होतो."

"त्यात काही घातलं नाय तर, असंबी म्हनला होतास."

शरदने हँडल पारड्यातून उचललं आणि त्यावर पान्याने टकटक केलं. नळीसारखा आवाज आला नाही. भिंतीसारखा आला. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आदर होता, पण फार थोडा उरला होता.

"दाजी, वाळू काढली होती ना?"

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शरदने कापडी पट्टी उलगडली, स्क्रू घुसवून लाकडी बूच उपटलं आणि हँडल मामींच्या परातीत उभं धरलं. आतून काळीभोर वाळू सर्रकन ओघळायला लागली. थांबता थांबेना. (तोच आवाज. वाऱ्याचा.) स्वयंपाकघरातून सुनंदा पदराला हात पुसत बाहेर आली आणि परातीकडे पाहत उभी राहिली.

"ही माझी वाळू आहे."

मामींनी चिमूट उचलून बोटांत चोळली. "अगं, ही तर मी दिलेली. आपल्या शेंगांची."

"म्हंजी पोरगा सत्तर किलोमीटर वाळू वाहून आला," आबा म्हणाले, "आनि सांगतोय, बघा कसं हलकं हाय."

त्यानंतर अंगणात जे हसू फुटलं ते कांदा संपेपर्यंत चाललं. मामा मधूनच थांबायचे, डोळे पुसायचे, कांद्यामुळे असं म्हणायचे आणि परत हसायचे. सुनंदा हसली नाही. तिने वाळू चाळली, मोजून आईच्या एका डब्यात भरली, झाकण लावलं आणि डबा स्वतःच्या पिशवीत घातला. संध्याकाळी तिने त्याच वाळूत आईच्या चुलीवर शेंगा भाजल्या. खरं सांगतो, तशा शेंगा मी परत खाल्ल्या नाहीत. पहिली मूठ तिने माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "विचारलं असतं तर दिली असती हो मी."

ते मला तराजूपेक्षा जास्त लागलं. मी शेंगा सोलत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामं हँडल बसवून मी परत निघालो. आता ते खरोखर हलकं होतं. पीस. चढ असेल तिथे सायकल आपण होऊन पुढे जायची. वडाळी भोईपर्यंत मी अगदी खुशीत होतो. मग रस्ता उखडला, आणि त्या पोकळ नळीतून एकेक खडा थेट माझ्या तळहातात घुसायला लागला. सायकल वाऱ्याने डावीकडे, खड्ड्याने उजवीकडे. आधी करंगळ्या बधिर झाल्या, मग अंगठे, आणि पिंपळगाव दिसायला लागलं तेव्हा ब्रेक दाबायला मला बोटांकडे पाहून खात्री करावी लागत होती की ती वळतायत. पंक्चर काढत बसलेला तो दुकानदार डोळ्यांसमोर आला. तो नुसता हसला.

पिंपळगावच्या स्टँडवर एसटी चहाला थांबली होती. खिडकीत आबा. त्यांनी मला पाहिलं आणि ताबडतोब खाली उतरले.

"काय, हात दुखतो का?"

त्यांच्या आवाजातली आशा लपत नव्हती. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"छे. हात उत्तम आहेत."

"मग थांबलास कशाला?"

मी सुनंदाकडे पाहिलं. ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "तो वाळूचा डबा," मी म्हणालो, "तुला जड होत असेल. म्हटलं, मी घेतो."

"मला नाही जड होत."

"तरी दे. सायकलवर जागा आहे."

"कुठे?"

मी हँडलकडे बघितलं. सुनंदाने माझ्या बधिर, अर्धवट वळलेल्या बोटांकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि पिशवी घेऊन गाडीतून उतरली. स्टँडच्या बाकावर तिने वर्तमानपत्राच्या कागदाचं नरसाळं केलं. मी शरदने दिलेल्या पान्याने हँडल कसंबसं सोडवलं. आबांनी ते उभं धरलं, कारण माझ्या हातांनी ते धरता येत नव्हतं. तेल बाटलीत ओतावं तशी ती एका धारेने वाळू ओतत गेली, सांडली नाही एक कणही. कंडक्टर घंटी मारायची विसरून बघत राहिला.

"एक सांगते," बूच लावताना ती म्हणाली. "ही वाळू माझी आहे. मला शेंगा भाजायच्या असल्या की परत द्यायची. तेव्हा शास्त्र सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"आनि हे टेम्पोत बसल्यासारखंच धरायचं का?" आबांनी विचारलं.

"आबा," सुनंदा म्हणाली, "ते टेम्पोत बसले नाहीत आणि तक्रारही केली नाही. वाळू मागणं म्हणजे तक्रार नाही."

मग आबा माझं जुनं लोखंडी हँडल पिशवीतून काढून दोन्ही शिंगांवर हात फिरवत म्हणाले, "मग हे तरी मला. पिशव्या अडकवायला लय बेस हाय." आजही जुनी माणसं सांगतात की मखमलाबादच्या रस्त्यावर आबांची सायकल दोन्ही शिंगांना झेंडूच्या पिशव्या लटकवून चालायची. शरदने तिचा सांगाडा तिसऱ्यांदा वेल्डिंग करून दिला होता.

मी त्या दिवशी घरी पोचलो तो मान सरळ ठेवून. सायकल माझीच राहिली, अजून माझ्याकडेच आहे. शाळेतले तरुण शिक्षक आता महागडी हँडलं बसवतात आणि मला विचारतात, सर, तुमचं हँडल इतकं आरामशीर कसं? मी सांगतो, रचना माझी आहे. घरात मात्र सुनंदा महिन्यातून एकदा स्वयंपाकघरातून हाक मारते, "अहो, शेंगा भाजायच्यात, हँडल मोकळं करून द्या." मी निमूटपणे बूच उपटतो. त्या दिवशी माझ्या सायकलचं हँडल नाशकातलं सगळ्यात हलकं हँडल असतं, आणि त्या दिवशी मी शाळेत बसने जातो.